आधी कारागीर, मग कारखाना

पुणे-सातारा महामार्गावर, खेड शिवापूरजवळ, भोर तालुक्यातलं शिवरे हे गाव आहे. आजच्या विषयाची सुरुवात आपण तिथल्या एका साध्या प्रश्नाने करू. शिवऱ्यासारख्या गावात मोठी, नव्या तंत्रज्ञानाची कंपनी यावी असं वाटत असेल, तर गावाकडे द्यायला काय हवं? चटकन उत्तर येतं : जागा, पाणी, रस्ता. इतिहास मात्र आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे शिकलेला हात.

१९१० साल घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंगाने भरलेला ओसाड माळ! तिथे तयार कामगार कुठून मिळणार? लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. हा शिक्षकी पेशा त्यांना माळावर कामी आला. त्यांनी माणसं घडवली, आणि त्या माणसांनी लोखंडी नांगर घडवले. औंधसारखंच भोरही तेव्हा संस्थान होतं, हे ध्यानात ठेवू. म्हणजे शहरापासून दूर असणं ही काही कायमची अडचण नव्हे.

आता पुण्याजवळ येऊ. १९६१ मध्ये अप्रेंटिस कायदा झाला आणि १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पुढे १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरी-चिंचवडला काम सुरू केलं. पण पुण्यात पहिलं व्यापारी वाहन तयार झालं ते १९७७ साली. मधली अकरा वर्षं वाया गेली का? अजिबात नाही. सुमंत मुळगावकरांच्या दृष्टीप्रमाणे त्या काळात यंत्रं बनवणारी यंत्रं तयार झाली, साचे तयार झाले, आणि अप्रेंटिस मुलं शिकून फिटर, टर्नर, टूलमेकर झाली. आजूबाजूला सुटे भाग बनवणारे लहान कारखाने उभे राहिले. म्हणूनच १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्या पुण्यात तयार होऊ लागल्या, तेव्हा ते काम टेल्कोच्याच आवारात सुरू होऊ शकलं. चाकणला स्वतःचा कारखाना त्यांनी काढला तो २००९ साली. परकीय गुंतवणूक आली खरी, पण ती आली घडलेल्या हातांकडे.

आज लेथच्या जागी सीएनसी आहे, शेजारी रोबो आहे. जुन्या टर्नरला मशीनच्या आवाजावरून बिघाड कळायचा. आता सेन्सर तीच गोष्ट आकड्यांत सांगतो. पण आकडा स्क्रीनवर दिसला म्हणजे काम झालं असं नाही. टूल झिजलंय, की जॉब नीट पकडला गेलेला नाही, हे ओळखायला माणूसच लागतो. त्याला ड्रॉइंग वाचता यायला हवं, मायक्रोमीटर धरता यायला हवा, आणि त्या आकड्यांचा अर्थही लागायला हवा. डिजिटल शिक्षण म्हणजे नुसता संगणकाचा कोर्स नव्हे, ते याच्यासाठी.

यात भोर-वेल्ह्यातल्या मुलांचं काय पणाला लागलंय? जमीन एकदाच विकली जाते. पैसे संपतात, आणि बापाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या गेटवर मुलगा वॉचमन म्हणून उभा राहतो. कौशल्याचं तसं नाही. ते दर महिन्याला कमावतं आणि वर्षागणिक वाढतं.

म्हणून कंपनी दारात आली, की दराच्या आधी आपण एक विचारू या : अप्रेंटिस किती घेणार, आणि कोणत्या मशीनवर? हे विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, किमान अडीच टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे दोनशे माणसांमागे निदान पाच.

ते पाच जण आपल्या गावचे असतील, तर तयारी आत्ताच हवी. आठवी-नववीच्या वर्गात, तालुक्याच्या आयटीआयमध्ये. किर्लोस्करवाडीचा माळ असो की पिंपरीची ती अकरा वर्षं, दोन्हीकडे क्रम हाच होता.