एक बोट मोकळी जागा



इतिहास म्हटला की गड, तह आणि तलवारी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मला आज ज्या इतिहासाबद्दल बोलायचे आहे तो मोटारीखाली उताणे पडल्याशिवाय दिसत नाही. जीपगाडीचा पुढचा धुरा, ज्याला आमचे मिस्त्री फ्रंट एक्सल म्हणतात, आणि त्याच्या डोक्यावरची चासी ह्यांच्यामध्ये थोडी पोकळी असते. ती पोकळी प्रथम कोणी ठरवली, कशी पारखली, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी तो धुरा बदलला त्यांनी ती पुन्हा मोजली की नाही, एवढाच माझा विषय आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले आणि अमेरिकेच्या लष्कराला घाई सुटली. चारही चाकांना जोर असलेली, हलकी, टेहळणीची गाडी हवी म्हणून १३५ कारखान्यांकडे विचारणा गेली. मुदत इतकी अपुरी होती की उत्तर देण्यास दोघेच पुढे आले. त्यांतली एक बॅंटम, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, डबघाईला आलेली कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत नकाशे उभे केले आणि कामगारांनी सात आठवड्यांत गाडी उभी केली. लष्कराची अट वजन १३०० पौंडांच्या आत ठेवण्याची होती. ती कोणालाच पाळता येण्यासारखी नव्हती. पुढे मर्यादा २१६० पौंडांवर नेणे लष्करालाही भाग पडले. कागदावर वजन कमी लिहिता येते. लोखंड मात्र ते ऐकत नाही.

ह्या घाईत नवा धुरा घडवण्याला वेळ कोठून मिळणार? टोलेडोच्या स्पायसर कंपनीकडे स्टुडबेकर चॅम्पियन ह्या साध्या घरगुती मोटारीच्या धुऱ्याचे भाग तयार होते. त्यांतच फेरफार करून जीपचे धुरे निघाले. आज जुन्या जीपचे शौकीन ज्याला मोठ्या अभिमानाने ‘ओरिजिनल एक्सल’ म्हणतात, तो मुळातच बदललेला धुरा आहे हे ध्यानात घ्यावे. तेव्हा धुरा बदलणे हे काही पाप नव्हे. प्रश्न बदलल्यानंतर काय केले हा आहे.

२३ सप्टेंबर १९४० रोजी ती पहिली गाडी मेरिलॅंडमधील होलाबर्ड छावणीत पोचली आणि लष्कराने ती मोडण्याच्या इराद्यानेच चालवली. तीन हजारांहून अधिक मैल, त्यांतले बहुतेक रस्ता सोडून, चिखलात, वाळूत, खाचखळग्यांत. शेवटी चासी तडकली. ज्यांनी हे मैल काटले आणि दर वेळी खाली सरपटत जाऊन काय घासले, काय वाकले ते पाहिले, त्यांची नावे सर्वसाधारण पुस्तकांत सापडत नाहीत. प्रॉब्स्टचे नाव सापडते, विलीजच्या बार्नी रूसचेही सापडते. मी कामगार चळवळीतला माणूस असल्यामुळे मला हे खटकते, पण ते राहू द्या.

ह्या धुऱ्यात शहाणपणाच्या दोन गोष्टी आहेत. डिफरन्शियलचे गोल पोट मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवले आहे. त्यामुळे चाक उडून धुरा वर आला तरी ते पोट इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला न भिडता बाजूने जाते, आणि म्हणूनच इंजिन खाली बसवता आले. दुसरी गोष्ट अशी की डाव्या पुढच्या पाट्यांना पीळ बसू नये म्हणून त्यांच्याखाली एक जादा आखूड पाटा देण्यात आला. दोन्ही बाजू दिसायला सारख्या, पण वागायला सारख्या नव्हेत. डावीकडे मोजून उजवीकडे ‘तसेच असेल’ म्हणणाऱ्या मिस्त्र्याने ही गोष्ट गाठीला बांधावी.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून जीपा आपल्याकडे गावोगावी पसरल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीजच्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली, आणि पुढे जीप येथेच बनू लागली. पेट्रोल महागले तसे जुन्या पेट्रोल जीपमधले इंजिन उतरवून मॅटॅडोरचे डिझेल इंजिन चढवण्याचा धंदा आपल्या गॅरेजांत चालू झाला. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, त्या वाहतुकीच्या कितीतरी गाड्या अशाच होत्या. इंजिन जड, त्याचे चेंबर निराळ्या आकाराचे, आणि वर माणसे खच्चून. पाटे बसू लागले की एक पाटा वाढवायचा, धुरा वाकला की भंगारातून दुसऱ्या गाडीचा आणायचा. होलाबर्डला ज्या पोकळीसाठी हजारो मैल खर्ची पडले, ती येथे एका दुपारीत बदलली जाई आणि मजुरी ‘कामावर’ ठरलेली असे. जोडून दिले की पैसे. तपासण्याच्या वेळेला भाव नव्हता.

ह्याचा परिणाम मी एका चौकशीत पाहिला. मालकाचे नाव घेत नाही. मजूर नेणाऱ्या एका जीपला दुसऱ्या गाडीचा पुढचा धुरा बसवला होता. घाटातल्या वळणावर ब्रेक गेला, गाडी दरडीवर आदळली, दोन मजुरांचे पाय मोडले आणि आरोप ड्रायव्हरच्या हयगयीचा आला. गाडी सपाट फरशीवर उभी करून दाखवण्यात आली: टायर आणि ब्रेकचा रबरी होज ह्यांत चांगली दोन बोटे जागा! मी म्हटले, “साहेब, घाटात फरशी नसते. डाव्या बाजूने धुऱ्याखाली जॅक लावा, चाक वर घ्या, आणि स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवा.” तसे केले तेव्हा टायर सरळ होजच्या जागेवर जाऊन टेकला. फुटलेला होज मागवून पाहिला, तर तो एका अंगाने घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला. ड्रायव्हरची नोकरी वाचली. त्या मजुरांचे पाय मात्र पूर्ववत झाले नाहीत.

तेव्हा तपासणी कशी करावी हे सविस्तर सांगणे मला भाग आहे. गाडी प्रथम सपाटीवर रिकामी उभी करून धुरा आणि त्याच्या वरचे बंप रबर ह्यांमधले अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. मग वाळूची पोती घालून, पुरा भार देऊन पुन्हा मोजावे. एवढ्यावर पुष्कळ जण थांबतात. खरी परीक्षा पुढे आहे. पाट्यांचा गठ्ठा सोडून मुख्य पाटा तेवढा ठेवावा, म्हणजे जॅकने धुरा बंप रबराला टेकेपर्यंत सहज वर नेता येतो. आधी दोन्ही बाजू, मग एक वर आणि दुसरी लोंबती. प्रत्येक वेळी स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे: टायर मडगार्डला, पाट्याला किंवा होजला लागतो का, टाय रॉड पाट्यावर चढतो का, शॉक ॲब्सॉर्बर रबर टेकण्याआधीच आतून बसतो का. चेंबरखाली हात जात नाही, तेथे मळलेल्या मातीचा गोळा चिकटवावा, धुरा वर नेऊन खाली आणावा आणि गोळा सुरीने कापून जाडी पाहावी. निदान एक बोट जाडी उरली पाहिजे. कारण इंजिन रबरावर बसलेले असते आणि दणक्याला तेही खाली वाकते. शेवटी चासीखाली घोड्या लावून धुरा मोकळा सोडावा. तेव्हा होज ताणला जाऊ नये, आणि प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड निसटण्याच्या बेताला येऊ नये.

अलीकडे सह्याद्रीच्या वाटा तुडवणाऱ्या हौशी तरुणांत एक नवी तऱ्हा आहे. जुन्या जीपमध्ये पाटे धुऱ्याच्या खाली असतात. ते वर घ्यायचे. गाडी सुमारे पाच इंच उंच होते आणि रुबाबदार दिसते. पण आता टाय रॉड पाट्याशी भांडतो, स्टेअरिंगची ड्रॅग लिंक तिरपी होते, आणि बंप रबर इतके दूर राहते की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो तरी धुरा रबरापर्यंत पोचत नाही. २०१० साली आलेल्या थारला पुढे अखंड धुरा नव्हताच, दोन्ही चाके स्वतंत्र होती. ती व्यवस्था कापून अखंड धुरा बसवणारेही आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे ५२ वे कलम अशा फेरफाराच्या आड येते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावून धरले. कायद्याला माझा विरोध नाही. पण नोंदणीच्या पुस्तकात होजला टायर लागतो की नाही हे लिहिलेले नसते, आणि कायद्याच्या भीतीने हे काम रात्री, बंद शटरआड होऊ लागले तर मातीचा गोळा कापून पाहायला कोण थांबणार?

त्या चौकशीनंतर आम्ही मागण्यांच्या खलित्यात एक कलम घातले. पुढच्या धुऱ्याला हात लागला की तपासणीसाठी अर्धा दिवस, भरपगारी, आणि नोंदवहीत मिस्त्री व ड्रायव्हर दोघांच्या सह्या. मालक मंडळी पगारवाढीवर इतकी अडली नाहीत जितकी ह्या अर्ध्या दिवसावर अडली; दोन वर्षे गेली. अखेरीस जी वही सुरू झाली तिच्यात चारच रकाने होते: डावी रिकामी, डावी भरलेली, उजवी रिकामी, उजवी भरलेली. पाचवा, स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवून घेतलेल्या मापाचा, मिस्त्र्यांनी स्वतः पेन्सिलीने आखून घेतला.