प्रोस्टेटची गोळी सुरू आहे? मग एवढं घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे

इतवारी (नागपूर) : कळमन्याला माल उतरवायचा, इतवारीतून किराणा घ्यायचा आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी मेडिकलमधून बाबांच्या लघवीच्या गोळ्या घ्यायच्या, हे कुही, मौदा, उमरेड, रामटेककडच्या अनेक घरांत नेहमीचं आहे. जुनी चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट दाखवलं की गोळी मिळते. पण ती कशी काम करते, कोणत्या औषधासोबत चालत नाही, चक्कर आली तर काय करायचं, हे बऱ्याच घरी कोणालाच माहीत नसतं. गोळी चांगली आहे, पण तिचे नियम आहेत. तेच इथं सोप्या भाषेत देत आहोत.

आजार नेमका काय?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असलेली ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ती असते. तरुणपणी आकार साधारण अक्रोडाएवढा. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढते आणि नळी आवळते. ठिबकची नळी दगडाखाली दबली की पाणी जसं थेंबथेंब येतं, तसंच हे. धार बारीक होते, जोर लावावा लागतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, होऊनही राहिल्यासारखं वाटतं.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. मात्र लक्षणं सारखी असू शकतात. शुगर, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग आणि मुतखड्यातही असाच त्रास होतो. म्हणून गोळीच्या आधी तपासणी पाहिजे: बोटाने तपासणी, लघवी व शुगरची तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील तर पीएसए ही रक्त तपासणी. शेजाऱ्याला फरक पडला म्हणून त्याचीच गोळी आणून खाऊ नका.

गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या

*पहिला प्रकार : नळी मोकळी करणाऱ्या.* टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन. या ग्रंथीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक जाणवतो. पण ग्रंथी लहान होत नाही, म्हणून बरं वाटलं की गोळी बंद केली तर त्रास परत येतो.

*दुसरा प्रकार : ग्रंथी लहान करणाऱ्या.* फिनास्टेराइड (5 मिलिग्रॅम) आणि ड्युटास्टेराइड (0.5 मिलिग्रॅम). ग्रंथी जास्त मोठी असेल तर देतात. यांचा गुण यायला साधारण सहा महिने लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून अनेक जण सोडून देतात आणि आधीचे पैसेही वाया जातात.

काही रुग्णांना दोन्ही प्रकार एकत्र देतात. अमेरिकेत तीन हजारांवर रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष 2003 मध्ये आला. त्यात डॉक्साझोसिन हे पहिल्या प्रकारचं औषध आणि फिनास्टेराइड एकत्र घेणाऱ्यांमध्ये आजार वाढण्याचा धोका 66 टक्क्यांनी कमी झाला. एकेकट्या औषधाने तो 39 आणि 34 टक्के कमी झाला होता. कोणाला एक द्यायची आणि कोणाला दोन, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

घ्यायची कशी?

- टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या. अल्फुझोसिन आणि सिलोडोसिनही जेवणासोबत किंवा लगेच नंतर. उपाशीपोटी घेतल्यास चक्कर येण्याची शक्यता वाढते. उपवासाच्या दिवशी काय करायचं, हे आधीच विचारून ठेवा.
- टॅम्सुलोसिनची कॅप्सूल फोडू नका, चावू नका. अल्फुझोसिनची गोळीही तोडू नका. औषध पोटात हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते.
- एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
- बरेच दिवस खंड पडला असेल तर परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पुन्हा पहिल्या दिवसासारखा बीपी एकदम उतरू शकतो.
- नाव नीट वाचा. युरिमॅक्स आणि व्हेल्टाम या वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाकिटांत औषध एकच, टॅम्सुलोसिन. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर नकळत दुप्पट डोस जातो. नावापुढे 'डी', 'एफ' किंवा 'प्लस' असेल तर सोबत दुसरं औषधही असतं.
- पाकीट पत्र्याच्या छताखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात गोळ्या खराब व्हायला वेळ लागत नाही.

चक्कर : सगळ्यात मोठा धोका

पहिल्या प्रकारच्या गोळीने उभं राहताना बीपी उतरू शकतो. सुरुवातीचे दिवस आणि डोस वाढवल्यानंतरचे दिवस जपण्याचे. आपल्याकडे रात्री पंपाला लाइन येते, माणूस झोपेतून उठून थेट विहिरीवर जातो. गोळी नवीन असेल तर हे काम काही दिवस दुसऱ्याला द्या. ट्रॅक्टर आणि दुचाकीचंही तसंच.

रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर वाटेत दिवा ठेवा. उन्हात काम करताना पाणी तोडू नका. रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी न पिणारे बरेच आहेत, त्याने बीपी आणखी उतरतो. पाणी दिवसा प्या, झोपण्याआधी दोन तास कमी करा. दारूने चक्कर वाढते.

या औषधांसोबत सांभाळून

- सर्दी-खोकल्याची औषधं : फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन असलेल्या गोळ्या-सिरपमुळे लघवी पूर्ण अडकू शकते. मेडिकलवाल्याला आधी सांगा की प्रोस्टेटचा त्रास आहे.
- गजकर्णाच्या गोळ्या : इट्राकोनाझोल, कीटोकोनाझोल यांमुळे पहिल्या प्रकारच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. अल्फुझोसिन आणि सिलोडोसिनसोबत तर त्या घेऊच नयेत.
- टॅडालाफिल : हे प्रोस्टेटसाठीही देतात. पण छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून जीवावर बेतू शकतं.
- बीपीच्या गोळ्या : सगळ्या डॉक्टरांना दाखवा. एकत्र परिणाम वाढतो.
- पुड्या आणि चूर्ण : 'हमखास इलाज' म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या पुडीत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

किडनीचा त्रास असेल तर तेही आधी सांगा. सिलोडोसिनचा डोस त्यात कमी करावा लागतो, किडनी फारच खराब असेल तर ते देतच नाहीत.

मोतीबिंदूच्या शिबिरात हे नक्की सांगा

गावात शिबिराची गाडी आली की म्हातारी मंडळी नाव नोंदवतात, पण लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून सांगत नाहीत. संबंध आहे. टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याची बाहुली सैल पडते आणि काम अवघड होतं. आधीच माहीत असेल तर डॉक्टर तयारी ठेवतात. गोळी पूर्वी घेऊन बंद केली असेल तरी सांगा. मनानेच मात्र थांबवू नका.

लाजेपायी गोळी सोडू नका

पहिल्या प्रकारच्या गोळीने वीर्य कमी येतं किंवा बाहेर येतच नाही. ते घातक नाही, गोळी थांबली की बहुतेकांचं पूर्ववत होतं. दुसऱ्या प्रकाराने काहींची इच्छा किंवा ताठरता कमी होते, क्वचित छाती सुजते, मन उदास राहतं. डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, औषध बदलता येतं. न सांगता सोडलेली गोळी मात्र पुढे लघवी अडकण्यापर्यंत नेऊ शकते.

घरच्यांसाठी तीन गोष्टी

1. गरोदर बाईने फिनास्टेराइडची तुटलेली गोळी किंवा ड्युटास्टेराइडची गळकी कॅप्सूल हाताळू नये. पोटातल्या मुलाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. हात लागलाच तर साबणाने धुवा.
2. रक्तदान शिबिरात गोळीचं नाव सांगा. फिनास्टेराइड थांबवल्यावर किमान एक महिना, ड्युटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने रक्त देऊ नये. केस गळतीसाठी तरुण मुलं घेतात ती फिनास्टेराइडही हेच औषध, फक्त डोस कमी.
3. दुसऱ्या प्रकारच्या गोळीने साधारण सहा महिन्यांत पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो. रिपोर्ट दाखवताना गोळी चालू असल्याचं सांगा, नाहीतर कॅन्सरची शंका असूनही आकडा चांगला वाटेल.

लगेच दवाखाना गाठा

लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगलं, लघवीत रक्त आलं, थंडी वाजून ताप आला, चक्कर येऊन पडले, ओठ-चेहऱ्याला सूज आली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 वर फोन करा. अडकलेली लघवी नळी टाकून काढतात, उशीर झाला तर किडनीवर ताण येतो.

तपासणीसाठी नागपुरात मेयो आणि मेडिकल ही शासकीय रुग्णालयं आहेत. मेयो तर इतवारीपासून जवळच. मूत्ररोग तज्ज्ञ मेडिकलशी जोडलेल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आहेत. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. गोळ्या महाग पडत असतील तर बंद करू नका, जनऔषधी केंद्रात मूळ औषधाच्या नावाने चौकशी करा.

शेवटचं काम आजच करता येईल. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दवाखाना असो की शिबिर, तो फोटो आधी दाखवा.

(ही माहिती जागृतीसाठी आहे. औषध सुरू, बंद किंवा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)