वावड्याची परीक्षा

“मला वांग्याचे वावडे आहे,” असे पंगतीत कोणी म्हटले की आपण हसतो आणि वाढणारा हटकून एक फोड अधिक वाढतो. वावडे म्हणजे नखरा, अशी आपली समजूत. माझीही तीच होती. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत एका मुलाने कोळंबीच्या भाताला हात लावला नाही. त्याला दटावून दोन घास खावयास लावणारा शिक्षक मीच. पाव तासात त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घरघरू लागला. डॉक्टर जवळ होते म्हणून निभावले. त्या दिवसापासून, हे वावडे म्हणजे आहे तरी काय, आणि ते ओळखावे कसे, हा प्रश्न माझा पाठलाग करीत आला. त्याचे उत्तर शोधण्यास मनुष्याला किती सायास पडले, ती कथा आज सांगावयाची आहे.

कथेचा आरंभ समुद्रावर होतो. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या नौकेवर पोर्त्ये आणि रिशे हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना अशा विषाची अल्प मात्रा टोचली. देवीच्या लशीप्रमाणे या कुत्र्यांना विष सोसण्याची शक्ती येईल, ही अपेक्षा. घडले उलटेच! काही आठवड्यांनी तीच अल्प मात्रा पुन्हा देताच कुत्रे तडफडून मेले. शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटू शकते, हे १९०२ मध्ये जगाला कळले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९०६ साली व्हिएन्नाचे बालवैद्य पिर्के यांनी शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेला ‘अॅलर्जी’ हे नाव दिले.

नाव मिळाले, पण पुरावा कोठे होता? तो मिळाला १९२१ साली, तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ नगरात. तेथे हाइन्झ क्यूस्टनर नावाच्या तरुण डॉक्टरांना शिजविलेला मासा मुळीच चालत नसे. खाल्ला की अंगाला खाज सुटे, गांधी उठत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशाचा काहीच त्रास नव्हता. प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातील निवळ द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी माशाचा अर्क टोचला. बघता बघता तेथे गांध उठली आणि भोवताली लाली पसरली. वावडे एकाचे, आणि ते उमटले दुसऱ्याच्या कातडीवर! याचा अर्थ स्पष्ट होता : वावडे मनात नसून रक्तातील कोणत्या तरी पदार्थात आहे. पुढे चाळीसहून अधिक वर्षे ही परीक्षा या दोघांच्या जोडनावाने चालली. तथापि एकाचे रक्त दुसऱ्यास टोचताना काविळीसारखा रोगही जाण्याचा धोका असल्यामुळे ती पुढे बंद पडली.

तो अज्ञात पदार्थ हाती लागावयास १९६६ साल उजाडावे लागले. अमेरिकेत डेन्व्हर येथे इशिझाका या जपानी दांपत्याने त्याचा छडा लावला, आणि लागोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनीही. १९६८ मध्ये त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळाले. आता दुसऱ्याच्या कातडीची गरज उरली नाही. रक्ताच्या नमुन्यातच तो मोजता येऊ लागला.

येथे कथा संपली असे वाटेल, पण खरी मेख पुढेच आहे. कातडीवर गांध उठली किंवा रक्तात आयजीई सापडले, म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असे नाही. १९७६ साली डेन्व्हर येथेच चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांवर एक साधी, परंतु कठोर परीक्षा केली. संशयित पदार्थ लपवून द्यावयाचा. कधी खरा, कधी खोटा. कोणत्या वेळी कोणता, हे ना मुलास ठाऊक, ना तपासणाऱ्यास. ज्यांच्याविषयी वावड्याचा संशय होता, त्यांपैकी बहुतेक मुलांना काहीच झाले नाही. वैद्यकात हीच परीक्षा आजही अखेरचा निवाडा मानली जाते. मात्र ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावयाची असते. घरच्या स्वयंपाकघरात तो प्रयोग कोणी करू नये.

आता वावडे आणि न मानवणे यांतील भेद पाहू. दूध प्याल्यावर पोट फुगणाऱ्या प्रौढ माणसास बहुधा अॅलर्जी नसते. दुधातील साखर पचविणारा पाचकरस वयाबरोबर कमी होतो, इतकेच. अशांना दही पुष्कळदा चालते. श्वासातील हायड्रोजन मोजून हे ओळखता येते. गव्हाची गोष्ट तिसरीच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. परंतु पोटाच्या एका जुनाट रोगाने खंगलेली मुले त्याच काळात सुधारली. गव्हावर आधीपासून संशय असलेले डॉ. डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात तो सिद्ध केला. हा सीलिॲक रोग. उत्तरेच्या गहू खाणाऱ्या प्रदेशांत तो दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. तपासणीपूर्वीच पोळी बंद केली, तर रक्तातील खूण पुसट होते आणि रोग लपून राहतो.

अलीकडे रक्ताच्या थेंबावरून पन्नास पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्या बहुधा ‘आयजीजी’ मोजतात, आणि ते तर नेहमीच्या खाण्यानेही निर्माण होते. अशा यादीवर विसंबून मुलाचे दूध, अंडे, पोळी तोडणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. उलट, लंडनमध्ये गिडिअन लॅक यांनी २०१५ साली दाखवून दिले की, धोका असलेल्या ज्या तान्ह्या मुलांना भुईमुगाचे पदार्थ लवकर सुरू केले, त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी शेकडा ३ जणांनाच त्याचे वावडे होते. ज्यांना टाळावयास सांगितले, त्यांच्यात ते शेकडा १७ जणांना आढळले.

तात्पर्य, मूल ‘नको’ म्हणाले तर आधी विचारावे : खाल्ल्यावर काय होते? किती वेळाने? प्रत्येक वेळी होते काय? डॉक्टरही परीक्षेचा आरंभ याच प्रश्नांनी करतात. त्या सहलीत हे तीन प्रश्न मी विचारले असते, तर त्या मुलाचा जीव धोक्यात आला नसता.