थाळनेरचा किल्लेदार

तापीकाठच्या थाळनेरला 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवले. हिस्लॉपच्या बचावाचा मुद्दा असा, की मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश सोडला होता, म्हणून लढणारा बंडखोरच. शिवाय आतल्या दिंडी दरवाजात शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले होते. पण तोवर किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. आत उसळलेल्या झटापटीचा दोष त्याच्या माथी कसा मारायचा? आणि शिबंदीची सरसकट कत्तल झालीच होती. मग सूड उरला तरी कुठे? खुद्द ब्रिटिश संसदेलाही ही फाशी पचली नाही. मार्च 1819 मध्ये हिस्लॉपचे आभार मानताना तिने थाळनेरचे कृत्य त्यातून मुद्दाम वगळले. खटला मात्र कोणावरच चालला नाही.