बैलजोडी ते तुतारी : निरक्षर मतदार आणि चिन्हांची परीक्षा

१/७
मोबाइलच्या पडद्यावरील लहानसे चिन्ह अक्षरांवाचून अर्थ सांगते. भारतात या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा झाली ती पडद्यावर नव्हे, मतपेटीवर. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि साक्षरता जेमतेम १८ टक्के होती.

२/७
आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे, चिन्हही नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. चिन्ह ओळखून त्या पेटीत मतपत्रिका टाकणे, हेच मतदान.

३/७
चिन्ह चुकले की मत चुकले. म्हणून सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने परिचित आणि एकमेकांहून स्पष्ट वेगळ्या वस्तू निवडल्या. काँग्रेसला जू घेतलेली बैलजोडी, समाजवादी पक्षाला वडाचे झाड, जनसंघाला दिवा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती मिळाला.

४/७
गाय, मंदिर, राष्ट्रध्वज अशी भावनेशी जोडलेली चिन्हे आयोगाने वर्ज्य ठरवली. पण मराठवाड्यात पोळ्याला बैलांचीच पूजा होते. जे चिन्ह चटकन ओळखू येते, त्याच्याविषयी मनात आधीच काहीतरी असते. परिचय आणि आपुलकी वेगळी काढणे आयोगालाही पूर्णपणे जमले नाही.

५/७
१९६२ पर्यंत बहुतेक ठिकाणी पद्धत पालटली. सर्व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली व मतदार पसंतीच्या चिन्हासमोर शिक्का मारू लागला. पेट्यांचा पसारा आटला. मात्र चिन्हे लहान झाली आणि एकमेकांच्या शेजारी येऊन बसली.

६/७
या शेजाराची अडचण २०२४ मध्ये साताऱ्यात दिसली. एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, तर एका अपक्षाचे नुसते वाद्य. त्याचेही मराठी नाव ‘तुतारी’. त्या अपक्षाची मते विजयाच्या फरकाहून अधिक भरली. मतदारांची गल्लत झाल्याची तक्रार पक्षाने केली. विधानसभेपूर्वी आयोगाने वाद्याचे चिन्ह कायम ठेवले, परंतु माणसाचे चित्र मोठे करण्यास मान्यता दिली.

७/७
चिन्ह सुटे पाहिले तर बहुधा सुबोधच वाटते. त्याची खरी पारख होते ती लहान आकारात, घाईच्या क्षणी आणि शेजारच्या चिन्हासोबत. तिथे गल्लत झाली, तर दोष मतदाराच्या अडाणीपणाला देता येत नाही.