कोफ्त्याची कुळकथा

खिमा वळून केलेले गोळे मूळचे कोणत्या देशाचे, या वादांत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. स्वीडन देशाच्या समाजमाध्यमावरील अधिकृत खात्यानें २०१८ सालीं जाहीर केलें कीं, आपले प्रसिद्ध गोळे वस्तुतः तुर्की कृतीचे असून अठराव्या शतकाच्या आरंभीं बारावा चार्ल्स राजा ती घेऊन आला. आणि तेवढ्यावरून केवढा गहजब उडाला! आम्हांस हा वाद फारसा फलदायी वाटत नाहीं. मांस कुटून त्याचा गोळा वळावा, ही कल्पना जेथें पाटावरवंटा आहे अशा कोणत्याहि घरीं सुचण्यासारखी आहे. ‘कोफ्ता’ हा शब्दच मुळीं कुटणें या अर्थाच्या फारसी धातूपासून निघाला आहे. त्यापेक्षां या गोळ्यांत मांसाच्या जोडीला काय घालीत आणि तो कसा शिजवीत, हें पाहणें अधिक उपयोगाचें.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील शेहेचाळिसाव्या अध्यायांत ‘वेसवार’ नांवाचा पदार्थ वर्णिला आहे. हाडें काढलेलें मांस प्रथम चांगलें शिजवावयाचें, मग पाट्यावर वाटावयाचें, आणि पिंपळी, सुंठ, मिरें, गूळ व तूप यांसह पुनः शिजवावयाचें. गोळा वळण्याचा उल्लेख तेथें नाहीं. पण कोफ्त्याचें सारें मर्म त्यांत आलेंच आहे. ग्रंथकार वेसवारास बल देणारा म्हणतो, आणि त्याच दमांत गुरु, म्हणजे पचावयास जड, असेंहि सांगतो. पौष्टिक तें सर्वांस सोसेलच, असा भ्रम त्या वैद्यास नव्हता. आमच्यांतील कित्येक सुशिक्षित मंडळींस मात्र तो अद्यापि आहे.

रोमन लोकांचा जो पाकग्रंथ आपिकियसच्या नांवावर चालतो, त्यांत कुटलेल्या मांसांत मद्यांत भिजवलेला पांढऱ्या पावाचा गर मिसळावयास सांगितला आहे. या पावाचें काम दुहेरी आहे. तो मांसाचा रस धरून ठेवतो, म्हणून गोळा मऊ राहतो. शिवाय थोडक्या मांसांत अधिक पानें वाढतां येतात. पुढें १२२६ सालीं मुहंमद बिन हसन अल्-बगदादी यानें लिहिलेल्या पाकग्रंथांत नारिंगाएवढे गोळे सांगितले आहेत, आणि ते रश्शांतच शिजतात. लखनौकडील शामी कबाबांत पावाची जागा हरभऱ्याच्या डाळीनें घेतली. डाळ व मांस एकत्र शिजवून मग वाटतात. म्हणजे वेसवाराचीच वाट, फक्त तुपाच्या जागीं डाळ.

आधीं शिजवून मग वाटण्याची ही रीत आम्हांस विशेष मोलाची वाटते, व तीहि केवळ चवीसाठीं नव्हे. अखंड तुकड्यावरील जंतु बहुतेक पृष्ठभागींच असतात व आंच लागतांच मरतात. खिमा करतांना तेच आंतपर्यंत मिसळले जातात. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत अर्धवट शिजलेल्या खिम्यामुळें सातशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व चार मुलें दगावलीं. कच्च्या खिम्याचा गोळा आंतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापला पाहिजे, असें तेथील अन्नशास्त्रज्ञ सांगतात. नुसता रंग पाहून याचा भरंवसा धरतां येत नाहीं.

घरीं केलें म्हणजे आरोग्यदायक झालें, असेंहि नाहीं. चरबट खिमा कढईभर तेलांत तळला, तर तो कोणाच्या हातचा आहे हें पोटास कळत नाहीं. आमच्या घरीं अर्ध्या किलो निवळ खिम्यास पाऊण वाटी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आलें, लसूण व मिरें घालून बेताच्या पाण्यांत शिजवितात. पाणी पुरतें आटलें म्हणजे वाटून त्यांत मूठभर कोथिंबीर व पिळून घेतलेला दुधीचा कीस मिसळतात, आणि तव्यावर चमचाभर तेलांत शेकतात. दुधीमुळें मुलें नाक मुरडतील अशी आमच्या मातोश्रींस भीति होती. प्रत्यक्षांत तो कोणास ओळखूं आला नाहीं. गोळे मात्र लिंबाएवढेच वळावे. बगदादकरांचीं नारिंगें रश्शांत बुडून शिजत. तव्यावर तेवढा गोळा ठेवला, तर तो बाहेरून करपतो व हलवतांना फुटतो.