एकाच ट्रस्टची दोन मुंबई

मुंबईची आखणी समजून घ्यायची असेल तर परळच्या बीआयटी चाळींपासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंत चालत जा. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. 1896 मध्ये शहरात प्लेग आला, लोक गावाकडे पळाले, गिरण्यांना माणसं मिळेनात. सरकारने खापर दाट वस्तीवर फोडलं आणि 1898 मध्ये हा ट्रस्ट स्थापला. दाट मोहल्ल्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढायचे आणि समुद्राचा वारा आत आणायचा, हा त्याचा उपाय. वारा आला असेल. पण सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली.

नंतर कामगारांसाठी ट्रस्टच्या चाळी आल्या. परळच्या चाळीत शिरलो की मी आधी पॅसेज बघतो: ओळीने खोल्या, सामायिक संडास, दारात वाळत घातलेले कपडे. मजुराला किती जागा पुरेल याचा सरकारी हिशोब तिथे भिंतींत उतरलेला दिसतो.

तिथून डॉ. आंबेडकर मार्गाने उत्तरेकडे निघायचं. वाटेत हिंदमाता लागतं (पावसाळ्यात जाऊ नका, पाणी तुंबतं). दादर टीटी ओलांडलं की हवाच बदलते. इथे याच ट्रस्टने शेतं आणि मोकळ्या जमिनीवर दादर-माटुंगा योजना आखली, ती मध्यमवर्गासाठी. सुटे प्लॉट, बुटक्या इमारती, दोन घरांमध्ये मोकळी जागा. रस्त्याच्या उजव्या हाताला पारशी कॉलनी. ती मंचेरजी जोशी या ट्रस्टच्याच इंजिनीअरच्या पुढाकाराने उभी राहिली. फाइव्ह गार्डन्सच्या सावलीत बसलं की वाटतं, वारा कसा आणायचा हे ट्रस्टला पक्कं ठाऊक होतं. तो कोणाच्या घरात आणायचा, एवढाच प्रश्न होता.

डाव्या हाताला हिंदू कॉलनी, आणि तिच्यात राजगृह. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी कित्येक वर्षं परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होते. 1927 चा महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हाही त्यांचा पत्ता तोच होता. ट्रस्टच्या कागदावर मजूर एका चौकटीत आणि कारकून-वकील दुसऱ्या. बॅरिस्टर होऊन परतलेला हा माणूस मात्र चाळीतच राहिला, आणि 1930 च्या दशकात त्याने दुसऱ्या चौकटीत घर बांधलं.

ते बांधताना त्यांच्या मनात आधी पुस्तकं होती. परळच्या त्या दोन खोल्यांत ती मावतच नव्हती.